घासून काढलेली कल्हई

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीतला कडुनिंब मोहरतो. झाडाखाली पांढुरका सडा पडतो, संध्याकाळी वारा सुटला की सगळी गल्ली त्या गोडसर-कडू वासाने भरून जाते. शेजारच्या बाई अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि हाक मारतात, "या ना ताई, काय छान वास सुटलाय!" मी "आले आले" म्हणते आणि खिडकी लावून घेते. कुणाला अगरबत्तीचा वास सोसत नाही, कुणाला रॉकेलचा. मला निंबाच्या मोहराचा सोसत नाही, त्यात काय एवढं, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली. यंदा खिडकी लावताना हात थांबला. सत्तरी ओलांडली, आता कुणापासून लपून बसायचंय? म्हणून वही काढली आणि लिहायला बसले.

त्या वासाच्या पोटात मला दुसरा वास येतो. कोळशाचा आणि जळत्या नवसागराचा, नाकाला झोंबणारा. त्याच्याही खाली एक आंबूस, कडवट वास आहे. तांब्याच्या भांड्यात कळकलेली कढी ज्यांनी हुंगली असेल त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी हुंगली नसेल त्यांना सांगूनही कळणार नाही.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून एक-दोन पिकं हाती आली होती. दुष्काळात लग्नं कोण करतो? जो तो खडी फोडायच्या कामावर. त्यामुळे तुंबलेली सगळी लग्नं त्या एका उन्हाळ्यात निघाली. जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी थांबली की डब्याडब्यांतून नुसती वऱ्हाडं उतरायची. बेंडबाजावाल्यांना जेवायची फुरसत नव्हती. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माहेर धनजकडचं, सासर जऊळक्यापासून कोसभर. हे रेल्वेत गँगमन होते, सासरे वस्तीतले जाणते. घरात सासूबाई आणि लग्नाची झालेली नणंद, विमल. विमल माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हसरी, आणि माझ्या वेण्या घालायला तिला फार आवडायचं. सासरी मला जीव लावणारं पहिलं माणूस तीच.

वस्तीत आमचं घर ओळखलं जायचं ते भांड्यांमुळे. सासूबाई सांगायच्या, पूर्वी वस्तीत कुणाचं लग्न निघालं की मोठ्या भांड्यांची पंचाईत व्हायची. गावची भांडी गावाला. आमच्या लोकांनी शिवलेली मग त्यांना चालायची नाहीत. कुणी मातीच्या रांजणात वरण शिजवायचं, कुणी तेलाचे डबे कापून त्यात. मग धर्म बदलला, आणि त्याच्यामागून दोन-तीन वर्षांत वस्तीने घराघरातून वर्गणी काढून स्वतःची भांडी घेतली. दोन पितळी हंडे, चार पराती, झारे, आणि तांब्याची तीन बगोणी, म्हणजे मोठाली पातेली. त्यातलं सगळ्यात मोठं एवढं की त्यात मी मांडी घालून बसू शकले असते. प्रत्येकाच्या कडेला "समाज" असं कोरलेलं. ही भांडी आमच्या घरात राहायची. न्यायला आलेला माणूस आधी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पाया पडायचा आणि मग भांड्याला हात लावायचा. मला नवीन असताना याचं हसू यायचं. भांड्याचं एवढं काय कौतुक, असं वाटायचं. ज्याला भांडं मिळालंच नव्हतं त्याचं कौतुक कळायला मला वेळ लागला.

माझ्या माहेरी जर्मनची चार पातेली, दोन मडकी आणि पाहुण्यांपुरता एक पितळी तांब्या. तेवढ्या पसाऱ्यात आईने मला एकच विद्या शिकवली, घासायची. "असं घास का त्यात तोंड दिसलं पायजे, सुमन," ती म्हणायची. "सासरी कोनी म्हनू नये, गरिबाची पोर हाय." मी सातवी पास होते, पुस्तकं वाचायचे, पण माझा खरा अभिमान होता तो माझ्या घासण्याचा. आमच्या आळीत माझ्यासारखं लखलखीत भांडं कुणी घासत नव्हतं. आज हे लिहिताना त्या पोरीची कीव येते आणि रागही येतो.

विमलचं लग्न ठरलं वैशाखात. त्याआधी मी चार दिवस माहेरी गेले होते. परत आले तेव्हा लग्नाला तीन दिवस उरले होते आणि घरात नुसती धांदल. पापड वाळताहेत, मांडवाच्या बल्ल्या आल्या आहेत, विमल कोपऱ्यात बसून बांगड्या मोजतेय. अंगणात समाजाची भांडी उपडी घातलेली. मी विचारलं, "आत्याबाई, मी काय करू?" सासूबाई हळद कांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भांडे घासून ठेव, पोरी."

एवढंच. त्यांचा अर्थ होता, बाहेरून राख लावून खळखळून ठेव. मला कसं कळणार? मी मोठं बगोणं उताणं केलं आणि बघतच राहिले. बाहेरून लाल तांबं आणि आत सगळं पांढुरकं, जस्ताच्या बादलीसारखं. मला वाटलं, पावसाळाभर माळ्यावर पडून आत काहीतरी साका धरलाय. चुना असेल, खारं पाणी असेल. एवढी अभिमानाची भांडी आणि आतून ही दशा! मनातून मी सुखावलेसुद्धा. आता दाखवते म्हटलं धनजची पोर काय असते ते. पाटाच्या कडेला नेऊन विटेचा चुरा, चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन बसले. उठले तेव्हा बगोण्याचा तळ आणि अर्ध्या कडा नव्या पैशासारख्या लाल झाल्या होत्या. बाकीची दोन बगोणी उद्या घासू म्हणून ठेवली. बोटांना चिंध्या बांधल्या आणि बगोणं उपडं घालून, कुणीतरी बघेल आणि शाबासकी देईल अशी वाट पाहत बसले. कुणी पाहिलं नाही. लग्नघरात सुनेने भांडं घासलं, ही काय पाहण्याची गोष्ट आहे?

दुसऱ्या दिवशी मला गावातल्या गिरणीवर धाडलं. गावाच्या कडेला एक जुना निंब होता, मोहराने नुसता लगडलेला. त्याच्या बुडाशी धूर निघत होता आणि बायकांची ही गर्दी. करीमचाचा कल्हईवाले बसले होते. मालेगावचे, नाशिककडच्या नव्हे, आमच्या जवळच्या. दर उन्हाळ्यात पंधरा-वीस गावं फिरायचे, बायको हमिदाबी सोबत. नवरा-बायको दोघं सायकल हाताने ढकलत यायचे, कारण सायकलीवर बसायला जागाच नसायची, सगळं सामान तिच्यावर. मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. दळण खाली ठेवलं आणि बघत उभी राहिले.

चाचांनी एका पातेल्यात वाळू टाकली, वर गोणपाटाचा तुकडा टाकला आणि स्वतः आत उभे राहिले. झाडाच्या फांदीला धरून कमरेतून गरगर फिरायला लागले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बायका हसत होत्या. एक म्हणाली, "चाचा, म्हातारपनी नाचता काय?" ते म्हणाले, "मी नाही नाचलो तं कथील रुसते, बाई." मग पातेलं धुऊन पुसून भट्टीवर धरलं. भट्टी म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. पलीकडे हमिदाबी पाय पसरून बसल्या होत्या आणि चामड्याचा भाता दाबत होत्या, एका लयीत, कुणाशी न बोलता. कोळसे पांढरे झाले. चाचांनी चिमूटभर नवसागर टाकला, भप्पकन पांढरा धूर उठला. त्या धुरात त्यांनी कथलाची कांडी आतून टेकवली, थेंब पाण्यासारखा पळाला, आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी तो तळावरून, कडांवरून असा फिरवला की बघता बघता तांबं नाहीसं झालं. सगळं पातेलं आतून पांढरं.

पांढरं. काल मी जे काढलं ते.

मी शेजारच्या बाईला विचारलं, "हे कायले लावतेत हो?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अव, कल्हई हाय थे! तांब्यात आंबट ठेवलं तं ईख होते ना. तुमच्या वस्तीची तं परवाच केली त्यानं. तुमची भांडी आधी करतो तो, मंग आमची." ईख म्हणजे विष! आणि मी माहेरी होते तेव्हा झालं होतं सगळं.

मी गर्दीतून पुढे गेले. तोंडापर्यंत शब्द आले होते. चाचांनी वर पाहिलं. पिकली दाढी, धुराने लाल झालेले डोळे. "काय पायजे, बेटी? भांडं आनलं काय?" माझ्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे त्यांची नजर गेली. मागून बायका ढकलत होत्या, एकीने माझ्या डोक्यावरून आपला गडवा पुढे केला. मी म्हटलं, "काही नाही." दळण उचललं आणि निघाले. अजून एक अख्खा दिवस हाताशी होता. त्यांनी अर्ध्या तासात ते बगोणं पुन्हा करून दिलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण मग सासूबाईंना सांगावं लागलं असतं. एवढी मोठी बाई आणि कल्हई माहीत नाही! गरिबाची पोर! रस्ताभर मी तेवढंच घोळवत राहिले, आणि घर येईपर्यंत ठरवलं की गप्प बसायचं. उरलेल्या दोन बगोण्यांना मी हात लावला नाही. मोठ्यात भात घालतील, वरण घालतील, भाताने काय होतंय, अशी मनाची समजूत घातली.

लग्नाच्या दिवशी पहाटे वस्तीतल्या पुरुषांनी चुली पेटवल्या आणि मोठ्या बगोण्यात कढी ओतली. मी धावत गेले. "काका, हे दुसऱ्या भांड्यात करा ना." आचारी झालेले काका हसले. "तू कायले चुलीजवळ येतं, सूनबाई? घरात बायका बोंबलून राहिल्या, तिकडे पाह्य." झुंजुमुंजू अंधारात त्यांना आत लाल दिसत होतं की पांढरं, कुणास ठाऊक. कढी गरम गरम वाढली तर काही होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वऱ्हाड अकोल्याकडून सकाळच्या गाडीने यायचं होतं. गाडी वेळेवर आली की झालं.

हे स्टेशनावरून धावत आले आणि म्हणाले, "गाडी लेट हाय. इंजिन बिघडलं." दहा वाजले, अकरा वाजले, बारा. मांडवात विमल बौद्ध रीतीच्या पांढऱ्या साडीत बसलेली, चुलीवर निखारे, निखाऱ्यांवर कढी. त्या दिवशी मी किती वेळा रस्त्याकडे पाहिलं असेल! लोकांना वाटलं, नणंदेवर केवढा जीव आहे. जीव होताच. पण मी गाडीची वाट पाहत होते ती विमलसाठी नव्हे.

वऱ्हाड आलं, वंदना झाली, फुलं पडली, पंगत बसली. मला वाढायला दिलं होतं. कढीचा पहिला डाव भरताना मला तो वास आला. कढीच्या कडेला हिरवट तवंग होता. तिथे मी बादली पालथी करायला हवी होती. ठेच लागल्याचं नाटक केलं असतं तरी चाललं असतं. मी वाढत गेले. भुकेली माणसं, उन्हातून आलेली, ताकाचं काही म्हटल्यावर दोन-दोन वाट्या प्याली.

पंगत उठायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. मांडवाच्या मागे, विहिरीच्या कडेला, जो तो पोट धरून. नवऱ्या मुलाचे आजोबा तर निपचित पडले. मालेगावहून डॉक्टर आणला. संध्याकाळपर्यंत ते उठून बसले, कुणाच्या जिवाला काही झालं नाही. पण तोवर नवऱ्याकडच्या मंडळींनी विमलची पेटी बैलगाडीतून उतरवून ठेवली होती. मुलाचा मामा मामाजींच्या तोंडावर म्हणत होता, "लोकाईले ईख घालनारं घर हाय हे. पोरगी ठेवा तुमची तुमच्यापाशी." विमल रडत नव्हती. पेटीकडे बघत बसली होती. मामाजी हात जोडून उभे. ज्या भांड्यांना हात लावायच्या आधी लोक त्यांच्या पाया पडायचे, ती भांडी समोर पडलेली.

कुणीतरी बगोण्यात वाकून पाहिलं आणि ओरडलं, "याच्यात कल्हईच नाही! बोलवा त्या कल्हईवाल्याले."

करीमचाचा आले. एकटेच आले, हमिदाबी भट्टीपाशी थांबल्या होत्या. मुलाचा मामा म्हणाला, "कथलात शिसं मिसळते हा. चार दिवसात उतरली कल्हई." चाचा खाली बसले, बगोणं उजेडाकडे कलतं केलं आणि आतून अंगठा फिरवला. विटेचे ओरखडे होते, गोल गोल, आंधळ्याच्याही हाताला लागतील असे. त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी मान वर केली, मांडवात उभ्या बायकांवरून नजर फिरवली. नजर माझ्या हातांवर आली आणि तिथे राहिली. मी चिंध्या बांधलेली बोटं पदराखाली घेतली. मग त्यांनी विमलकडे पाहिलं, तिच्या उतरवलेल्या पेटीकडे पाहिलं.

"भांडं मोठं होतं," ते मामाजींना म्हणाले. "बरोबर तापलं नाही, म्हून कथील धरलं नाही. या घराची काही चूक नाही, पाटील. गलती माझी हाय."

पाटील कुणाला म्हटलं, तर आमच्या मामाजींना. वस्तीतल्या माणसाला. मामाजींचे जोडलेले हात खाली आले. आणि मी? मी तोंड उघडलं नाही. मामाने चाचांना नाही नाही ते ऐकवलं, एकाने त्यांची टोपी उडवली. त्यांनी ती उचलून झटकली, डोक्यावर ठेवली आणि गेले. राग काढायला माणूस मिळाला, तसा घरावरचा राग निवळला. दिवस बुडायच्या आत विमलची पेटी पुन्हा बैलगाडीत चढली.

विमल सुखाने नांदली. तिला आज नातवंडं आहेत. दर वर्षी माझ्याकडे येते आणि लग्नाचं नाव निघालं की म्हणते, "वहिनी, त्या कल्हईवाल्यानं घात केला होता पाय!" तिलाही मी सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

वऱ्हाड गाडीने आलं होतं आणि गाडीनेच गेलं, त्यामुळे ही बातमी प्रत्येक स्टेशनावर उतरली. "मालेगावचा करीम शिसं मिसळते." आमच्या गावाने बंद केलं, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. पुढच्या उन्हाळ्यात निंब मोहरला, पण त्याच्याखाली धूर नव्हता. गावाने कारंज्याकडचा दुसरा माणूस बोलावला. त्या वर्षी भांडी झाल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "आतून नुसतं पानी फिरवाचं हं, पोरी. चुरा नाही लावाचा." म्हणताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, होतं. आमच्या दोघींच्यामध्ये ते बगोणं त्यांच्या शेवटापर्यंत उभं होतं आणि आम्ही दोघी त्याला वळसा घालून चालत राहिलो.

माझा धाकटा आता एका कारखान्यात आहे, तिथे सुट्या भागांवर कथील चढवतात. भट्टी नाही, भाता नाही. पाण्यात वीज सोडतात आणि कथील आपोआप जाऊन बसतं. मला ते काही केल्या पटेना. तो म्हणाला, "आई, चढवायचं काम थोडंच असतं. खरं काम धुण्याचं. आधी तेल काढायचं, मग गंज काढायचा, मग तेजाबातून, मग पाण्यातून. बोटाचा ठसा जरी राहिला तरी तेवढ्या जागी कथील धरत नाही." मी म्हटलं, "म्हणजे पातेल्यात उभं राहून नाचायचं तेच ना?" त्याला काही कळलं नाही. वर म्हणतो कसा, "आणि एकदा नीट धरलं की मग सहजी निघत नाही." हे ऐकून मी उठून आत गेले. त्याला वाटलं, आईला कंटाळा आला.

मी मालेगावला गेले, पण जायला मला पाच वर्षं लागली. मध्ये दोन बाळंतपणं झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, सबबींना काय तोटा. धाकट्याला लस द्यायला मालेगावला नेलं होतं त्या दिवशी पाय आपोआप वळले. कल्हईवाल्याचं घर विचारत एका बोळात शिरले. दारात हमिदाबी बसल्या होत्या, तांदूळ निवडत. केस सगळे पांढरे. मी म्हटलं, "चाचा आहेत का?" त्यांनी कानाला हात लावला. शेजारच्या दारातून एक बाई म्हणाली, "जोरानं बोला, तिले ऐकू येत नाही. आन् करीमभाई तं हिवाळ्यातच गेले."

मी उंबऱ्याशीच बसले. मनात घोकून आणलेलं सगळं चाचांसाठी होतं. हळू आवाजात, खाली मान घालून सांगायचं असं ठरवलं होतं. आता ज्यांना सांगायचं त्यांना हळू ऐकू येत नव्हतं. मी एकदा सांगितलं, त्यांनी मान हलवली, "काय म्हनते?" मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. बोळातली दारं उघडली. पोर रडायला लागलं. शेवटी मी ओरडून सांगितलं, जे पाच वर्षं नवऱ्याच्या कानातही बोलले नव्हते ते भर बोळात, दहा माणसांसमोर. मीच घासलं होतं. विटेच्या चुऱ्याने. चाचांनी ओळखलं होतं आणि माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. कल्हई चांगली होती, चाची, कल्हई चांगली होती!

हमिदाबींच्या हातातलं सूप खाली आलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यानं घरी येऊन भी तेच सांगतलं," त्या म्हणाल्या. "भांडं तापलं नाही म्हने. भाता तं मीच मारत होती ना, पोरी. त्या रोजी खांद्यात कळ होती माह्या. मले वाटलं, माहा हात मंदावला. माह्या हातानं त्याचं नाव गेलं." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि परक्याचा असावा तसा पाहिला. "त्यानं सांगतलं नाही, मी विचारलं नाही. मले तरी सांगाचं होतं त्यानं."

मला रडू फुटलं. त्या रडत नव्हत्या. एकाएकी त्यांनी माझं मनगट धरलं. "पन तू तं तवा तिथं नव्हती. तुले काय माहीत, भांडं बरोबर तापलं होतं का नाही?"

"माहीत हाय, चाची," मी ओरडले. "दुपारी बसले ते दिवस बुडाला तरी निघत नव्हतं. दोन विटा संपल्या. बोटांची सालं गेली, रक्त आलं, तरी कथील जागा सोडत नव्हतं."

"निघत नव्हतं?"

"नाही, निघत नव्हतं."

त्यांनी माझं मनगट सोडलं, शेजारणीकडे वळल्या, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं काय? निघत नव्हतं म्हनते."